वार्षिक अहवाल मागून वाचा: कंपनीचा पैसा कुठे जातो आणि साहेबांना ‘नाही’ कोण म्हणतं, हे शोधण्याची रीत

कर्जाचा प्रस्ताव आला की कारखाना बघायला निघण्याआधी आमचे शाखाधिकारी एकच गोष्ट मागायचे, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं. ताळेबंद त्यानंतर. मी तेव्हा बँकेत नवीन होतो, मला ते विचित्र वाटायचं. एका फाउंड्रीच्या मालकांनी एका वर्षात विक्री दीडपट झाल्याचं दाखवलं होतं. सीएची सही होती, शिक्का होता, आलेखही छान रंगवलेला होता. बिलांवरची युनिटं मात्र गेल्या वर्षीइतकीच होती. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “भट्टी विजेवरच चालते ना?” समोरून उत्तर आलं नाही. प्रस्ताव तिथेच थांबला.

एप्रिल २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, जेन्सॉल इंजिनिअरिंगबद्दल काढलेला अंतरिम आदेश वाचताना मला ती दुपार आठवली. या कंपनीने विजेवर चालणाऱ्या हजारो गाड्यांसाठी आगाऊ मागणी आल्याचं जाहीर केलं होतं. एनएसई या शेअर बाजाराचा अधिकारी पुण्याजवळ चाकणला कारखाना बघायला गेला, तर तिथे उत्पादन चालू नव्हतं, दोन-तीन मजूर होते. महावितरणची बिलं काढली, तर वर्षभरातलं सर्वांत मोठं बिल सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं निघालं. गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातली काही रक्कम फिरवून गुरुग्राममधल्या एका आलिशान गृहसंकुलातल्या फ्लॅटसाठी वापरली गेली, असंही सेबीने त्या आदेशात नोंदवलं. आदेश अंतरिम आहे हे ध्यानात ठेवू. पण शेअर घेतलेल्या हजारो लोकांच्या हातात तोवर काय होतं? गुळगुळीत कागदावरचा अहवाल आणि त्यातलं ‘सुशासन’ नावाचं प्रकरण.

कंपनीचं सुशासन आणि सामाजिक जबाबदारी हे विषय आपण समारंभाचे समजतो. मी ते दोन प्रश्नांमध्ये बघतो. कंपनीचा पैसा नेमका कुठे जातो? आणि वरच्या माणसाला ‘नाही’ म्हणणारं कोणी आहे का? या दोन्हींची बरीचशी उत्तरं कंपनीला कायद्यानेच छापावी लागतात. ती मागच्या पानांवर, बारीक टायपात असतात, म्हणून अहवाल मागून वाचायचा.

आधी कागद गोळा करा

एक रविवार, दोन-तीन तास आणि आखीव कागदाचं एक पान पुरे. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की वार्षिक अहवाल फुकट मिळतो. शेवटचे पाच उतरवून घ्या. सोबत ताजा शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर, याचा तक्ता), मागच्या एजीएमचे, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेचे, मतदान निकाल आणि क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्थेने लिहिलेली पतमानांकनाची, म्हणजे कंपनी कर्ज फेडेल का याला दिलेल्या गुणांची, कारणमीमांसा घ्या. ही शेवटची गोष्ट फारच थोडे लोक वाचतात. चार-पाच पानांची असते, कर्ज देणाऱ्याच्या नजरेने लिहिलेली असते, आणि अध्यक्षांच्या पत्रापेक्षा तिच्यातून कितीतरी जास्त कळतं.

अध्यक्षांचं पत्र आज वाचू नका. सगळं झाल्यावर वाचा, तेव्हा ते वेगळं वाटेल.

ऑडिटरचा अहवाल आणि त्याला जोडलेली ‘कारो’ची यादी

बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात, म्हणून तीन शब्दप्रयोग शोधा: ‘एक्सेप्ट फॉर’, ‘मटेरियल अनसर्टन्टी’ आणि ‘एम्फसिस ऑफ मॅटर’. पहिला दिसला तर ऑडिटर म्हणतोय की अमुक गोष्ट सोडून बाकी हिशेब ठीक आहेत. ती अमुक गोष्ट म्हणजेच तुमचा अभ्यास. दुसरा शब्दप्रयोग कंपनी पुढे चालेल की नाही याबद्दल आला असेल, तर गंभीर समजा. तिसऱ्यात ऑडिटर कुठल्याशा टिपेकडे बोट दाखवतो. ती टीप काढून वाचाच.

खरा खजिना मात्र ऑडिटरच्या अहवालामागच्या परिशिष्टात असतो. केंद्र सरकारच्या आदेशानुसार ऑडिटरला २१ मुद्द्यांवर उत्तरं द्यावी लागतात. ऑडिटरांच्या बोलण्यात हा आदेश ‘कारो’ म्हणून ओळखला जातो. मी थेट सातव्या मुद्द्यावर जातो: कंपनीने पीएफ, ईएसआय, जीएसटी, आयकर वेळेवर भरलेत का? ज्या रकमेबद्दल वाद नाही आणि तरीही जी सहा महिन्यांहून जास्त काळ थकली आहे, ती इथे लिहावी लागते.

पुढच्या पानांवर शाळेत बाकं वाटल्याचे फोटो असतात आणि इथे कामगारांच्या पीएफची थकबाकी असते, असे अहवाल मी स्वतः वाचले आहेत. पगारातून कापलेला पीएफ कामगाराचा असतो, कंपनीचा नसतो. तो भरला नसेल तर कंपनी सगळ्यांत दुबळ्या माणसाकडून बिनव्याजी कर्ज घेते आहे, असाच त्याचा अर्थ. आर्थिक बाजूनेही ही ओळ महत्त्वाची आहे. रोकड आटायला लागली की बँकेचा हप्ता आधी भरला जातो, कारण बँक ओरडते. पीएफ मागे राहतो. म्हणून बँकेचं खातं थकण्याच्या बरंच आधी ही ओळ काळवंडलेली असते. कंपनीची जबाबदारी आणि कंपनीची तब्येत एकाच ओळीत दिसते, ती इथे.

त्याच यादीत आणखी दोन ठिकाणी थांबा. दुसऱ्या मुद्द्यात, खेळत्या भांडवलासाठी ५ कोटींहून अधिक मर्यादा मंजूर असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली आकडेवारी पुस्तकांशी जुळते का, ते सांगावं लागतं. बँकेला माल जास्त दाखवला आणि पुस्तकात कमी आहे, असं कोष्टक दिसलं तर पुढचं वाचताना हात आखडता ठेवा. अकराव्या मुद्द्यात फसवणुकीची प्रकरणं आणि आतून आलेल्या तक्रारींची नोंद असते.

ऑडिटर कोण आणि किती वर्षं, हेही टिपा. एका फर्मला सलग दहा वर्षांहून जास्त राहता येत नाही. मुदत संपून बदलले तर काळजी नाही. मुदतीच्या मध्येच, त्यातही निकालाच्या तोंडावर, ऑडिटर राजीनामा देऊन गेला असेल तर त्याचं पत्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधा. ‘कामाचा व्याप’ एवढंच कारण दिलं असेल, तर माझा विश्वास बसत नाही.

रोकड खरी आहे का

आता दोन आकडेमोडी. पहिली: पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत लिहा. त्याखाली रोख प्रवाह पत्रकातून व्यवसायातून आलेली रोकड लिहा आणि दोन्हींची बेरीज करा. चांगल्या चालणाऱ्या कारखान्यात या दोन बेरजा फार लांब नसतात. एखाद्या वर्षी फरक पडतोच. पण पाच वर्षांचा नफा ५०० कोटी आणि रोकड ९० कोटी असेल, तर उरलेला नफा कोणाकडे अडकलाय? येणी वाढत चालली आहेत का? आणि ती कोणाकडून येणं आहे? (बँका आणि वित्तसंस्थांना ही कसोटी लावू नका, त्यांचा धंदाच पैशाचा असतो.)

दुसरी: एक काल्पनिक कंपनी घेऊ. ताळेबंदात बँकेत ६०० कोटी आहेत. व्याजाचं उत्पन्न १२ कोटी, म्हणजे दोन टक्के. तुमची-माझी मुदत ठेव याहून कितीतरी जास्त देते. त्याच वेळी कंपनीने ४०० कोटींचं कर्ज घेतलंय आणि त्यावर ४० कोटी व्याज भरते आहे. स्वतःचे पैसे दोन टक्क्यांनी ठेवायचे आणि दुसऱ्याचे दहा टक्क्यांनी घ्यायचे, असा व्यवहार कोणता शहाणा व्यापारी करेल? कधी खरं कारण असतं, उदाहरणार्थ पैसे ३० मार्चलाच आलेले असतात. कारण विचारावं मात्र लागतं.

या कसोटीच्या मर्यादाही सांगतो. सत्यम कॉम्प्युटर्समध्ये ती एकटी पुरली नसती. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यासोबत ३७६ कोटींचं येणं व्याजसुद्धा खोटं होतं. खोट्या ठेवीवर खोटं व्याज दाखवलं की गुणोत्तर जुळतं. म्हणून एका आकड्यावर कधी थांबायचं नाही. सत्यमची पहिली मोठी उघड खूण दुसऱ्याच पानावरची होती, आणि तिथेच सर्वांत जास्त वेळ द्या असं मी सांगेन.

संबंधित पक्षांचे व्यवहार: इथे घाई करू नका

१६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या बोर्डाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्यांसाठी सुमारे १६० कोटी डॉलर मोजायला मान्यता दिली. सॉफ्टवेअरची कंपनी, आणि घेते आहे जमिनी आणि बांधकाम. सत्यमची इंग्रजी अक्षरं उलटी लावली की मेटास होतं. दोन्ही कंपन्या राजू कुटुंबाशी जोडलेल्या होत्या. सत्यममध्ये मात्र कुटुंबाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी उरला होता. म्हणजे बहुतांश पैसा इतर भागधारकांचा आणि तो जाणार कुटुंबाच्या कंपन्यांकडे. त्या बोर्डात हार्वर्डचे प्राध्यापक होते, नामवंत व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख होते, आणि त्याच वर्षी कंपनीला सुशासनाचा पुरस्कारही मिळाला होता. गुंतवणूकदारांनी गदारोळ केल्यावर काही तासांतच तो व्यवहार मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी आलेल्या पत्रात राजूंनी लिहिलं की खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. पुढे सरकारने बोर्ड बदललं आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ती कंपनी घेतली. पण राजूंचं पत्र आलं त्या एका दिवसात दोनशे रुपयांच्या आतला शेअर चाळीसच्या आसपास आला होता.

तर काय बघायचं? आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये, बऱ्याचदा चाळिसाव्या टिपेच्या पुढेमागे, ‘रिलेटेड पार्टी’ची टीप असते. आधी नावांची यादी येते: प्रवर्तक (कंपनी उभी करणारे आणि तिच्यावर ताबा असलेले), त्यांची बायको-मुलं, भावाची फर्म, कुटुंबाचा ट्रस्ट, उपकंपन्या. मग व्यवहार येतात. आपल्या कागदावर पाच रकाने आखा: कोण, नातं काय, कशासाठी, यंदा किती, मागच्या वर्षी किती. मग एकेक ओळ उतरवून काढा. हाताने लिहा, कारण नुसतं वाचलं तर डोळा पुढे सरकतो.

ऑफिसची इमारत अध्यक्षांच्या पत्नीच्या नावावर असून कंपनी भाडं देते, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि भाडं बाजारभावाने असेल तर त्यात गैर काही नाही. मी या गोष्टींवर थांबतो: परत न येणारी उचल आणि कर्जं, मुलाच्या नव्या कंपनीकडून अचानक वाढलेली खरेदी, कंपनीने दुसऱ्यासाठी दिलेली हमी, आणि घराण्याच्या नावासाठी किंवा ब्रँडसाठी दिलेली रॉयल्टी. रकमेला नफ्याने भागा. नफा ४० कोटी आणि कुटुंबाकडे जाणारी रक्कम २५ कोटी असेल, तर कंपनी कोणासाठी चालते हे तुमच्यासमोर आलं.

हमीचा आकडा ताळेबंदात दिसत नाही, तो ‘कंटिंजंट लायबिलिटी’च्या, म्हणजे पुढे कदाचित भरावी लागतील अशा देण्यांच्या, टिपेत असतो. जिच्यासाठी हमी दिली त्या कंपनीने कर्ज बुडवलं तर बोजा इथे येतो. मूळ कंपनीचे आणि समूहाचे एकत्रित, असे दोन्ही हिशेब समोर ठेवा. एकत्रित हिशेबात नफा घटला आणि एकट्या कंपनीच्या हिशेबात वाढला, तर तोटा कुठल्या उपकंपनीत साठतोय ते शोधा.

या बाबतीत कायद्याने आपल्या हातात चांगलं हत्यार दिलंय. व्यवहार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भागधारकांची मंजुरी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षाला मत टाकता येत नाही. याचा अर्थ किती मोठा आहे, ते मे २०२४ मध्ये दिसलं. नेस्ले इंडियाने स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव आणला. मूळ कंपनीकडे ६० टक्क्यांहून अधिक शेअर असूनही तो ठराव पडला. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के विरोधात गेले. गैरव्यवहाराचा कोणताही आरोप नव्हता. फक्त इतरांना विचारावं लागलं, आणि इतरांनी नाही म्हटलं.

‘नाही’ कोण म्हणतं: बोर्ड

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले, हवेत. अध्यक्ष प्रवर्तकांपैकी किंवा रोजचं काम बघणारा असेल तर निम्मे. एका स्वतंत्र संचालकाला सलग दोनच मुदती मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त पाच वर्षांची. ही चौकट जवळपास सगळे पाळतात, त्यामुळे तिच्यावरून फारसं काही कळत नाही.

कळतं ते हजेरीच्या कोष्टकावरून. कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालात कोण किती सभांना आला हे छापलेलं असतं. बोर्डापेक्षाही समित्यांची हजेरी बघा, कारण खरं काम ऑडिट समितीत होतं. आयएल अँड एफएसचं उदाहरण माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना कायम टोचत राहील. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी मुंबईच्या बीकेसीतली ही संस्था, ९० हजार कोटींहून जास्त कर्ज, शेकडो उपकंपन्या. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च मानांकन, आणि सप्टेंबरमध्ये डी, म्हणजे हप्ते थकले. सरकारने बोर्ड बरखास्त करण्यासाठी जो अर्ज केला, त्यात नमूद होतं की जोखीम व्यवस्थापन समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच सभा झाली होती. एवढ्या कर्जाच्या डोंगरावर बसून जोखमीबद्दल बोलायला वेळ नव्हता. लोकांचा पीएफ आणि पेन्शन या संस्थेच्या कर्जरोख्यांमध्ये गुंतलेलं होतं.

राजीनामेही बघा. स्वतंत्र संचालक मुदतीआधी गेला तर कंपनीला सविस्तर कारण जाहीर करावं लागतं, आणि याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही असं त्या संचालकाकडून लिहून घ्यावं लागतं. एक गेला तर माणसाला घरची अडचण असू शकते. सहा महिन्यांत संचालक, वित्त प्रमुख आणि कंपनी सचिव असे तिघं गेले, तर कारणांची पत्रं वाचण्यात वेळ घालवू नका. वित्त प्रमुख, म्हणजे सीएफओ, हे पद दर दीड वर्षाला रिकामं होणाऱ्या कंपनीत मी माझा पैसा ठेवत नाही.

साहेबांचा पगार

पगाराबद्दल बोलताना आपल्याकडे संकोच असतो. ठेवू नका, तो खर्च तुमच्या नफ्यातून होतो.

कंपनी कायद्याने सर्व संचालकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत आणि एका व्यवस्थापकीय संचालकाचं ५ टक्क्यांपर्यंत धरलंय. त्यापुढे जायचं तर भागधारकांची मंजुरी लागते. पण माझा आवडता आकडा वेगळा आहे. संचालकांच्या अहवालाच्या जोडपत्रात प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणाऱ्या माणसाच्या, पगाराच्या किती पट आहे ते द्यावं लागतं. शिवाय दोघांचा पगार त्या वर्षी किती टक्क्यांनी वाढला, तेही. पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडा. नफा घटलेल्या वर्षी साहेबांचा पगार वाढला आणि मधल्या माणसाचा तिथेच राहिला, असं एकदा झालं तर कारण वाचा. दोनदा झालं तर मानधन समितीत कोण बसलंय ते वाचा.

पगार कशावर ठरतो, हे पगार किती यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण वरची माणसं तसंच वागतात. बोनस फक्त विक्रीवर बांधला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वितरकांच्या गोदामात माल कोंबला जातो. येणी वाढतात, रोकड येत नाही, आणि एप्रिलमध्ये माल परत. मघाशी नफा आणि रोकड यांतली दरी पाहिली, तिचं मूळ बऱ्याचदा असं बोनसच्या सूत्रात असतं. तेच सूत्र रोकड, सुरक्षितता आणि तीन वर्षांच्या कामगिरीवर बांधलं तर वागणं बदलतं. दिलेला बोनस परत घेण्याची तरतूद आहे का, तेही शोधा. ती नुसती कागदावरची नसते: जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालानंतर आयसीआयसीआय बँकेच्या बोर्डाने आपल्या माजी प्रमुख चंदा कोचर यांचं जाणं बडतर्फी मानण्याचं आणि एप्रिल २००९ पासूनचे बोनस परत घेण्याचं ठरवलं होतं.

भागधारक ‘नाही’ म्हणू शकतात, याचीही उदाहरणं आहेत. टाटा मोटर्सच्या वरिष्ठांच्या मानधनाचे ठराव २०१४ मध्ये अडले. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीच्या ठरावाला सुमारे ७३ टक्के मतं मिळाली. विशेष ठरावाला ७५ लागतात. कंपनी उत्तम चाललेली, रॉयल एनफिल्डची मागणी जोरात, तरी गुंतवणूकदारांना पगाराची मर्यादा सैल वाटली. कंपनीने ती खाली आणून पुन्हा मंजुरी घेतली. दोन टक्के मतांनी हे घडवलं.

सीएसआर (सामाजिक कामावरचा खर्च), बीआरएसआर

इथे लवकर आटपू, कारण पानं पुष्कळ असली तरी कामाच्या ओळी थोड्या आहेत. आदल्या वर्षी ५०० कोटी निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एकही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरलेल्या निधीत किंवा चालू प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात टाकावी लागते. बघायचं एवढंच: पैसा कोणत्या संस्थेमार्फत गेला? ती संस्था प्रवर्तकांच्याच कुटुंबाची असेल, तर तिने प्रत्यक्षात काय केलं हे तिच्या संकेतस्थळावर शोधा. काही कुटुंबांचे ट्रस्ट फार मोलाचं काम करतात. तसं असेल तर ते दिसतंच.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यातले फोटो आणि धोरणं सोडून चार आकडे घ्या: कामावर झालेले अपघात आणि मृत्यू, कंत्राटी कामगारांचं प्रमाण, लैंगिक छळाच्या तक्रारी, आणि पुरवठादारांची बिलं भरायला लागणारे दिवस. तक्रारी शून्य आहेत म्हणून आनंद मानू नका. वीस हजार माणसांच्या कंपनीत वर्षानुवर्षे शून्य तक्रार म्हणजे तक्रार करायची सोय नसण्याची शक्यता जास्त. मृत्यूचा आकडा मात्र जसा आहे तसा वाचा, प्रत्येक वर्षाचा.

व्याजाचा दर आणि गहाण शेअर

हे सगळं शेवटी पैशात कसं उतरतं, तर कर्जाच्या किमतीत. आमच्या कर्जसमितीत ‘प्रवर्तकांचा पूर्वानुभव’ हा रकाना असायचा आणि आकडे चांगले असूनही त्या रकान्यामुळे दर वाढल्याचं, तारण जादा मागितल्याचं मी अनेकदा पाहिलंय. पतमानांकनाच्या कारणमीमांसेत हीच भाषा सापडेल. तिथे ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा दिसला, म्हणजे कंपनीने मानांकन संस्थेला माहितीच दिली नाही, तर माझ्या मते पुढचा अभ्यास थांबवायला हरकत नाही.

शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रवर्तकांनी गहाण ठेवलेल्या शेअरची टक्केवारी असते. गहाण वाढत असेल तर भाव टिकवणं ही प्रवर्तकांची वैयक्तिक गरज बनते. भाव पडला की सावकार शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. अशा दडपणाखाली तिमाहीचा निकाल चांगला ‘दाखवण्याचा’ मोह होतो.

मत द्या, प्रश्न विचारा

एजीएमची नोटीस किमान २१ दिवस आधी येते. प्रत्येक ठरावाखाली स्पष्टीकरण असतं. पगार, फेरनेमणूक आणि संबंधित पक्षांचे व्यवहार, हे ठराव तुमच्या पाच रकान्यांच्या कागदाशी ताडून बघा. म्युच्युअल फंडांनी मागच्या वर्षी त्या कंपनीत कसं मत दिलं आणि का, हे त्यांना संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. तेही वाचा, तुमचाच पैसा त्यांच्याकडे असतो. सभेनंतर दोन कामाच्या दिवसांत निकाल येतो. त्यात प्रवर्तक, संस्था आणि सामान्य भागधारक यांची मतं वेगळी दाखवलेली असतात. एकूण ९० टक्क्यांनी मंजूर झालेल्या ठरावात संस्थांपैकी निम्म्या विरोधात असतील, तर ती बातमी आहे.

सभा ऑनलाइन असेल तर बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि दोन-तीन मिनिटं मिळतात. अभिनंदनात ती घालवू नका. एकच प्रश्न, टीप क्रमांकासह: “टीप ४२ मध्ये अमुक कंपनीला दिलेली १८ कोटींची उचल तीन वर्षं तशीच आहे. ती कशासाठी दिली, व्याज किती आणि परत कधी येणार?” असा प्रश्न टाळता येत नाही. टाळला तर तो टाळल्याचं सगळ्यांना दिसतं. मी हाच प्रश्न कंपनी सचिवांना ईमेलनेही पाठवतो. नीट उत्तर आलं तर ते अहवालाच्या प्रतीत लावून ठेवतो. उत्तरच आलं नाही आणि तक्रार भागधारकाच्या हक्काची असेल, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवता येते.

ई-मतदानासाठी डिमॅट खात्याच्या तपशिलाने एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर जायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.